गाडी स्टार्ट होत नाही? सेल्फ बदलायला सांगण्याआधी एवढं तपासा

"गाडी स्टार्ट होत नाही" एवढंच फोनवर सांगितलं की पुढचं सगळं गॅरेजवाल्याच्या हातात जातं. माणूस नीट असेल तर तो मोजून बघतो. घाईत असेल तर अंदाजाने एखादा पार्ट बदलतो, आणि तो अंदाज चुकला तरी बिल आपल्यालाच भरावं लागतं. म्हणून ही तक्रार आधी आपण स्वतः नीट मांडायला शिकायची. चावी फिरवल्यावर सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, फिरतच नाही, ही एक तक्रार. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, ही दुसरी, आणि तिचा पहिलीशी काही संबंध नाही. पहिलीत शोध घ्यायचा तो बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या तारांत. दुसरीत इंधन, ठिणगी आणि सेन्सरमध्ये. एवढी फारकत केली तरी बरेच नाहक खर्च टळतात.

गोव्यात या विषयाला स्वतःचं असं एक अंग आहे. मिरामार, कळंगुट, कोलवा, वास्को अशा किनाऱ्यालगतच्या भागात खारी हवा उघड्या धातूला सोडत नाही, आणि जूनपासून चार महिने हवेतला ओलावा हटत नाही. शिवाय इथे कितीतरी घरांतला कमावता माणूस बोटीवर किंवा आखातात असतो आणि गाडी महिनोन्‌महिने पोर्चमध्ये उभी असते. आमच्याकडेही तेच. नवरा बोटीवर, त्यामुळे गाडीचं सगळं माझ्याकडे. गाडीतलं काही कळत नसेल असं गृहीत धरून बाईला बिल सांगितलं जातं, तेव्हा हातात मोजलेला आकडा असणं किती कामी येतं, ते मी अनुभवलं आहे. यातलं बहुतेक काम कुणालाही जमण्यासारखं आहे.

सर्वात आधी: गाडी पाण्यात उभी होती का?

पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल किंवा रात्रभर उभ्या जागी चाकाच्या वरपर्यंत पाणी आलं असेल, तर खालचं काहीही करू नका. चावी फिरवू नका, स्टार्टचं बटण दाबू नका, धक्का तर अजिबात मारू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. न सुरू केलेली गाडी पाणी काढून, तेल आणि फिल्टर बदलून बहुधा वाचते. सुरू करण्याचा प्रयत्न केलेली गाडी इंजिन उघडायला लावते. साध्या विमा पॉलिसीत असं इंजिनचं नुकसान सहसा नाकारलं जातं. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जोड संरक्षण घेतलेलं असावं लागतं, आणि पाण्यातून बाहेर काढल्यावर मुद्दाम सेल्फ मारला असेल तर तिथेही वाद होतो. शक्य असेल आणि पाणी ओसरलेलं असेल तर बॅटरीचं मायनस काढून ठेवा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्यायला सांगा.

गाडी भाड्याची असेल, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, तर बोनेट उघडण्याआधी मालकाला फोन करा. दुसऱ्याच्या गाडीवर हे प्रयोग करायचे नसतात.

जवळ काय असावं

- डिजिटल मल्टिमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. या यादीतून एकच वस्तू घ्यायची झाली तर ही घ्या.
- जाड तारेच्या जंपर केबल. स्वस्तातल्या केबलमध्ये जाड प्लास्टिकच्या आत बारीक तांबं असतं. अशा केबल गरम होतात आणि गाडी सुरू करत नाहीत.
- १० नंबरचा पाना. बहुतेक गाड्यांच्या बॅटरी टर्मिनलला तोच लागतो.
- पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश, खायचा सोडा, पेट्रोलियम जेली, रबरी हातमोजे, टॉर्च.
- चार-पाच फ्यूज वेगवेगळ्या क्षमतेचे, आणि रिमोट चावीत बसणारा सेल.
- गाडीची दुसरी चावी. ती घरातल्या कपाटात असते आणि नेमकी हवी तेव्हा सापडत नाही, म्हणून आताच शोधून ठेवा.

कागदांत बॅटरीचं वॉरंटी कार्ड आणि बिल, विमा पॉलिसी, आरसी, आणि गाडीसोबत आलेलं ओनर्स मॅन्युअल. कुठला फ्यूज कुठे आहे हे मॅन्युअलमध्येच असतं. रोडसाइड असिस्टन्सचा नंबर पॉलिसीत किंवा सर्व्हिस बुकात असतो. तो फोनमध्ये सेव्ह करा. चोर्ला किंवा अनमोड घाटात रेंज नसताना ईमेलमधली पॉलिसी उघडत बसणं शक्य नसतं.

काम सुरू करण्याआधी हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढा. पाना एका बाजूने प्लसला आणि दुसऱ्या बाजूने बॉडीला टेकला तर क्षणात लाल होतो, आणि मध्ये अंगठी असेल तर बोट भाजतं. ओढणी, पदर नीट खोचून घ्या. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

१. आवाज ऐका

एसी, म्युझिक, ब्लोअर बंद करा, काच खाली घ्या आणि चावी फिरवा. एकदाच, तीन-चार सेकंद. काय ऐकू येतं?

काहीच नाही, डॅशबोर्डचे दिवेही नाहीत: बॅटरी पूर्ण बसली आहे किंवा टर्मिनल सुटलं आहे.

दिवे आहेत, पण कट-कट-कट असा भराभर आवाज: बॅटरीत जीव कमी आहे, किंवा जोडणीत अडथळा आहे. सेल्फ बिघडल्याचं हे लक्षण सहसा नसतं, तरी हाच आवाज ऐकून सेल्फ बदलायला सांगितलेलं मी पाहिलं आहे.

एकच ठळक 'टक्' आणि पुढे शांत: सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला वीज जोडून देणारा स्विच) वीज पोहोचली, सेल्फ फिरला नाही. बॅटरी आणि जोडण्या बऱ्या निघाल्या तर मग सेल्फवर संशय घ्यायचा.

दिवे लख्ख, पण कसलाच आवाज नाही: पायरी २, ४ आणि ६.

इंजिन जड, रेंगाळत फिरतं: पायरी ३ आणि ४.

इंजिन नेहमीसारखं फिरतं पण पेटत नाही: थेट पायरी ७.

अंधार असेल तर आणखी एक चाचणी फुकटात होते. हेडलाइट लावून गाडी भिंतीसमोर असताना चावी फिरवा. भिंतीवरचा उजेड एकदम विझू लागला तर बॅटरी किंवा टर्मिनल. उजेड जराही कमी झाला नाही तर वीज सेल्फकडे निघालेलीच नाही. मधला फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) किंवा स्विच बघायचा.

२. दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टी

ऑटोमॅटिक गाडी 'पी' किंवा 'एन' वर असल्याशिवाय सेल्फ घेत नाही. 'पी'वर घेत नसेल तर 'एन'वर टाकून बघा. गिअरजवळचा स्विच खराब झाल्यावर असं होतं. मॅन्युअल गाड्यांपैकी अनेकींना क्लच पूर्ण दाबलेला लागतो, आणि पायाखालचं रबरी मॅट सरकून क्लचखाली गेलं तर तो पूर्ण दाबला जात नाही. बटणाच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबा. चावी फिरतच नसेल तर स्टिअरिंग लॉक झालेलं असतं: स्टिअरिंग दोन्हीकडे जरा हलवत चावी फिरवा.

डॅशबोर्डवर चावीची किंवा कुलपाची खूण लुकलुकत राहिली तर इमोबिलायझर चावी ओळखत नाही. दुसरी चावी वापरून बघा. बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल तर रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून दाबलं की बहुतेक गाड्या सुरू होतात. काही गाड्यांत रिमोट ठेवायची वेगळी जागा असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

३. बॅटरी मोजा

मल्टिमीटर डीसीच्या २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. गाडी रात्रभर उभी असेल तर आकडा खरा मिळतो. नुकतीच चालवलेली असेल तर हेडलाइट एखादा मिनिट लावून बंद करा आणि मग मोजा.

- १२.६ किंवा वर: बॅटरी भरलेली.
- १२.४ च्या आसपास: पाऊण.
- १२.२: निम्मी.
- १२ च्या खाली: जवळपास रिकामी.

आता कुणालातरी चावी फिरवायला सांगा आणि आकड्याकडे बघत राहा. सेल्फ मारताना तो ९.६ च्या खाली जाता कामा नये. आधी १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७ वर घसरली तर ती बॅटरी आतून संपलेली आहे. नुसता पहिला आकडा बघून "बॅटरी ओके आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. कसोटी लागते ती भार पडल्यावर.

काही बॅटऱ्यांवर हिरवा डोळा असतो. तो सहापैकी एकाच सेलची स्थिती दाखवतो, तेव्हा हिरवा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका.

बॅटरी कधी बसवली हे वॉरंटी कार्डावर बघा. उष्ण हवेत तीन-चार वर्षं हे तिचं साधारण आयुष्य. वॉरंटीत असेल तर कार्ड आणि बिल घेऊन विक्रेत्याकडे जा. बऱ्याच वॉरंटीत पहिला काही काळ मोफत बदल आणि पुढे किमतीच्या प्रमाणात सूट मिळते, पण कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख लागते. सिग्नलला आपोआप बंद होऊन परत सुरू होणारी गाडी असेल तर तिच्यात वेगळ्या प्रकारची बॅटरी असते. बदलताना त्याच प्रकारची घ्या. साधी टाकली तर लवकर मरते.

बॅटरी रिकामी आहे म्हणजे ती खराबच आहे, असं नाही. दरवाजा नीट न लागल्याने दिवा रात्रभर जळत राहिला असेल किंवा गाडी महिना-दोन महिने उभी असेल तर चांगली बॅटरीही बसते. नवी घेण्याआधी बॅटरीच्या दुकानात ती मंद गतीने पूर्ण चार्ज करून, लोड टेस्ट (भार टाकून चाचणी) करून बघायला सांगा.

४. टर्मिनल आणि अर्थची तार: गोव्यात खरी मेख इथे असते

बॅटरीचा आकडा चांगला आहे, तरी सेल्फ रडतो. अशा वेळी बहुतेक लोक सेल्फकडे वळतात. थांबा, आणि टॉर्च घ्या.

टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी दिसते का बघा. दिसली नाही तरी क्लॅम्प हाताने फिरवून बघा. हातानेच फिरला तर तो सैल आहे. एखाद्या जोडणीत दिवे लावण्यापुरती वीज जाते, पण सेल्फला लागणारे शे-दीडशे अँपिअर जात नाहीत. डॅशबोर्ड लख्ख आणि सेल्फ मुका, हे कोडं बहुधा असंच सुटतं.

साफ करायचं ते असं. गाडी बंद करून आधी मायनस काढा, मग प्लस. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून भुकटीवर ओता. फेस थांबेपर्यंत थांबा, साध्या पाण्याने धुवा, कोरडं पुसा. जुन्या, पाणी भरायच्या बॅटरीची झाकणं घट्ट असू द्या. सोडा आत गेला तर आम्ल निकामी होतं. मग बॅटरीचा शिशाचा खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. लावताना आधी प्लस, मग मायनस. घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. जेली आधी लावून वर क्लॅम्प बसवू नका. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत घड्याळ, काचांचं ऑटो बटण वगैरे पुन्हा सेट करावं लागतं; त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता अर्थ, म्हणजे वीज बॅटरीकडे परत जायची वाट. बॅटरीच्या मायनसपासून एक जाड तार बॉडीला जाते आणि एक इंजिनला किंवा गिअरबॉक्सला. इंजिनकडे जाणारी तार बऱ्याचदा सपाट विणीची, उघडी असते, खाली असते, आणि रस्त्यावरचं पाणी तिच्यावर उडत राहतं. आमच्या गाडीला पावसाळ्यानंतर हाच त्रास झाला. एका गॅरेजने सेल्फ आणि बॅटरी दोन्ही बदलायला सांगितलं होतं. मी टॉर्च घेऊन वाकून पाहिलं तर ती विणीची तार वरून ठीक दिसत होती, पण बोल्टजवळच्या टोकाला बोट लावलं तशी हिरवी पूड खाली पडली आणि विणीचे निम्मे धागे तुटून वर आले. ऑटो इलेक्ट्रिशियनने नवी तार बसवली, बॉडीवरची जागा घासून घेतली, आणि सेल्फ पहिल्या फटक्यात फिरला. तोच सेल्फ, तीच बॅटरी.

तार काढल्याशिवायही हे मोजता येतं, आणि या लेखातली सर्वात उपयोगी चाचणी मला हीच वाटते. मल्टिमीटर व्होल्टवरच ठेवा. काळं टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर दाबून धरा (क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशावर), लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्थ चांगला असेल तर आकडा शून्याजवळ राहतो. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवला तर वीज वाटेतच अडते आहे. मग लाल टोक इंजिनवरून उचलून मायनसच्या क्लॅम्पवर ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा: इथेच आकडा आला तर दोष खुंट आणि क्लॅम्पच्या मध्ये, इथे शून्य आणि इंजिनवर आकडा आला तर दोष तारेत किंवा तिच्या दुसऱ्या टोकाला. प्लसच्या बाजूलाही असंच: एक टोक प्लसच्या खुंटावर, दुसरं त्याच्या क्लॅम्पवर.

५. जंपर लावून बघा

बॅटरी फुगलेली, फुटलेली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर जंपर लावू नका. एरवी क्रम असा. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात, दोन्ही बंद असाव्यात.

१) लाल केबल बसलेल्या बॅटरीच्या प्लसला.
२) लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३) काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
४) काळ्याचं दुसरं टोक आपल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो, म्हणून ती बॅटरीजवळ करायची नाही.

चांगली गाडी सुरू करून चार-पाच मिनिटं थांबा, मग आपली सुरू करा. काढताना उलटा क्रम. प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर दोन्ही गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं, म्हणून शेजारी कितीही घाई करोत, खुणा दोनदा बघा.

जंपरने लगेच सुरू झाली तर सेल्फ शाबूत आहे, दोष बॅटरीत, तिच्या जोडणीत किंवा चार्जिंगमध्ये. चांगली केबल आणि साफ टर्मिनल असूनही फरक पडला नाही तर पुढे चला.

धक्का मारून सुरू करणं फक्त मॅन्युअल गाडीत: चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. इंजिन सुरू होईपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड असतात. आल्तिनोसारख्या उतारावर हा प्रयोग करताना ते ध्यानात ठेवा, आणि एकट्याने करू नका.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल एवढंच: तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' होत नाही. नारिंगी रंगाच्या तारांना हात लावायचा नाही, आणि त्या गाडीने दुसऱ्या गाडीला जंप द्यायचा नाही.

६. फ्यूज, रिले, आणि मग सेल्फ

फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आत नकाशा असतो. स्टार्टर, इग्निशन, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) असं लिहिलेले फ्यूज काढून त्यातली बारीक तार तुटली का बघा. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. ज्या क्षमतेचा काढला त्याच क्षमतेचा लावा. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालून काम भागवलं तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

रिले तपासायला बऱ्याच गाड्यांत सोपा मार्ग असतो: हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असतो. अंगावरचा क्रमांक जुळत असेल तरच दोघांची अदलाबदल करा. गाडी सुरू झाली आणि हॉर्न बंद पडला, तर दोषी सापडला.

आंबा-फणसाखाली गाडी उभी राहत असेल तर पुढच्या काचेखालची जाळी बघा. पानं कुजून पाणी जायची भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी केबिनमधल्या फ्यूजबॉक्सवर झिरपतं.

एवढं सगळं ठीक, आणि तरी एकच 'टक्' येतो? तर सेल्फ. कुणाला चावी धरायला सांगून सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोके द्या. फिरला तर आतले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) झिजले आहेत. गाडी आज घरी जाईल, पण काम लवकर करून घ्या. इथे एक गोष्ट आवर्जून विचारा: "नवा सेल्फ नको, कार्बन आणि बुश बदलून होईल का?" म्हापसा, मडगाव, फोंडा, सगळीकडे ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम करतात आणि खर्च नव्या सेल्फच्या मानाने बराच कमी येतो. मोठ्या वर्कशॉपमध्ये मात्र सेल्फ उघडत नाहीत, पूर्ण बदलतात.

७. सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही

सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका; मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा.

इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुळसुळीत फिरतंय असं वाटलं तर ताबडतोब थांबा. टायमिंग बेल्ट तुटल्याची ती खूण असू शकते, आणि पुढचा प्रत्येक प्रयत्न व्हॉल्व्ह वाकवू शकतो. हे काम गॅरेजचंच.

पेट्रोल गाडीत चावी 'ऑन' करून थांबा. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घुर्रर आवाज यायला हवा, तो पंपाचा. नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघा, मगच पंपावर या. काट्यावर विसंबू नका: टाकी तळाशी असेल आणि गाडी उतारावर उभी असेल तर पंप कोरडा राहतो. सीएनजीच्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोल संपू दिलं की गाडी सुरू होत नाही आणि पंपही खराब होतो.

वारंवार सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा उग्र वास आला तर स्पार्क प्लग ओले झालेत. दहा-पंधरा मिनिटं थांबा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा; बहुतेक इंजेक्शन गाड्यांत तेव्हा पेट्रोल कापलं जातं आणि आत हवा जाते. पेटताच पाय उचला.

डिझेल गाडीत वेटोळ्याची खूण विझेपर्यंत थांबून सेल्फ मारा. ग्लो प्लग (थंडीत डिझेल पेटायला सिलिंडर तापवणारे) गेल्याचं निदान कुणी पहिल्याच झटक्यात केलं तर मोजून दाखवायला सांगा. गोव्यात थंडी ती किती पडते! पावसाळ्यात फिल्टरमध्ये पाणी साचणं इथे जास्त संभवतं. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढता येतं. टाकी पूर्ण संपली असेल तर लाइनमध्ये हवा शिरते. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा.

पेट्रोल पंपावर चुकून भलतं इंधन भरलं असेल तर चावीसुद्धा लावू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी उपसून घ्या.

गरम इंजिन सुरू होत नाही पण तासाभराने गार झाल्यावर होतं, असं पुन्हा पुन्हा घडत असेल तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर हा संशय बळावतो. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष वाचणारं यंत्र) फोनला जोडून कोड वाचता येतो. पी०३३५ आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची तार आणि कनेक्टर, हे तिन्ही. कोड बघून थेट सेन्सर मागवू नका, आधी तार बघा. पावसात उंदरांना गाडीचं बोनेट आवडतं. कुरतडलेली तार, फिल्टरच्या डब्यात ओढून आणलेला पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या: हे दिसलं तर कोडचा अर्थ तिथेच लागतो.

८. सुरू झाली, आता चार्जिंग बघा

इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही १३ च्या वर टिकायला हवं. इंजिन चालू असूनही १२.३ वगैरे दाखवून घसरत असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) चार्ज करत नाही. आधी त्याचा बेल्ट आणि मागचा कनेक्टर बघा. सेल्फप्रमाणे अल्टरनेटरमध्येही कार्बन, रेग्युलेटर (व्होल्ट मर्यादेत ठेवणारा भाग) सुटे बदलता येतात. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, आणि तो नवी बॅटरीही उकळवेल. चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत अजून काही जण वापरतात. आपल्या गाडीवर करू देऊ नका, ईसीएम जळू शकतो.

चार्जिंग ठीक, तरी बॅटरी दर आठवड्याला बसते? मग उभ्या गाडीत काहीतरी वीज खातंय. डॅशकॅम, जीपीएस, बाहेरून बसवलेला स्टिरिओ काढून दोन रात्री बघा. मल्टिमीटर दहा अँपिअरवर ठेवून मायनसच्या तारेत मध्ये जोडला तर गळती मोजता येते: गाडी कुलूपबंद करून अर्धा-पाऊण तास गेल्यावर ती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवी. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही.

पणजी-पर्वरी एवढ्याच फेऱ्या होत असतील तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा. पोर्चमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून काही साधत नाही. महिन्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर मायनस काढून ठेवा.

९. गॅरेजला काय सांगायचं

"सेल्फ गेला वाटतं" असं म्हणू नका, म्हटलंत तर तोच बदलला जाईल. मोजलेलं सांगा: "उभी असताना १२.५, सेल्फ मारताना १०.८, अर्थवर शून्य, एकच टक् येतो, रिले बदलून बघितला." असं ऐकल्यावर चांगला मेकॅनिक खूश होतो आणि नेमक्या जागी हात घालतो.

पार्ट बदलण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर असलं तरी चालेल. जुना पार्ट परत मागा. बॅटरी दिली तर तिच्या भंगाराची किंमत बिलातून वजा झाली का बघा. गाडी न्यायचीच असेल तर ऑटोमॅटिक आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी दोरीने ओढू देऊ नका, चारही चाकं वर घेणारं वाहन मागवा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर मदतीसाठी १०३३, जिवाला धोका असेल तर ११२.

आणि काम झाल्यावर, पैसे देण्याआधी, मल्टिमीटर आपला आपण लावा. अल्टरनेटर बदलला असेल तर तिथेच चालू इंजिनवर आकडा बघा, सेल्फ बदलला असेल तर इंजिन गरम झाल्यावर दोन-तीनदा बंद-चालू करून बघा, आणि बसवलेल्या पार्टचा क्रमांक व वॉरंटीची मुदत बिलावर लिहून घ्या.